मोटारीचा घसारा आणि मालकाचें मन

बैल कधीं विकावा, हें आपणां शेतकऱ्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. गोऱ्हा दोन दाती झाला म्हणजे त्याला भाव येऊं लागतो. चार दाती, सहा दाती होईपर्यंत तो चढतो. दांत जुळले कीं कांहीं वर्षें टिकून राहतो आणि मग उतरणीस लागतो. ज्याच्या दावणीला बैल आहे तो हा हिशेब मनांत धरूनच असतो, आणि म्हाताऱ्या बैलाला तरण्या बैलाची किंमत मागणाऱ्यास बाजारांत लोक हंसतात. परंतु तोच जाणता शेतकरी दारांतील मोटार विकावयास निघाला म्हणजे हें जाणतेपण कोठें जातें, हें आम्हांस पुष्कळ दिवस कोडें होतें. सात वर्षें वापरलेल्या गाडीची तो अशी किंमत सांगतो, कीं जणूं ती अजून दोन दातीच आहे. गंमत अशी, कीं हाच गृहस्थ दुसऱ्याची गाडी घ्यावयास गेला म्हणजे पहिल्याच वाक्यांत म्हणतो, "अहो, शोरूमच्या बाहेर पडली तेव्हांच लाख रुपये गेले तिचे!"

म्हणजे घसारा त्यास ठाऊक आहे. फक्त तो दुसऱ्याच्या गाडीला लागतो, आपल्या गाडीला लागत नाहीं, अशी त्याची समजूत आहे.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या गांवच्या रस्त्यावर आहे. मोगरा, सोनचाफा, विड्याचीं पानें, भाजी डोक्यावर घेऊन विरारची लोकल पकडणारीं माणसें अजून आहेत. परंतु पुष्कळ माल आतां टेम्पोंतून जातो, आणि एम. एच. ४८ क्रमांकाची मोटार आगाशीपासून नायगांवपर्यंत अंगणोअंगणीं उभी दिसते. या मोटारीसाठीं पैसा कोठून येतो? कित्येक घरांत तो पिकाच्या उत्पन्नांतून येत नाहीं. वाडीचे दोन-चार गुंठे विकून, किंवा रस्त्यांसाठीं व रेल्वेसाठीं जमीन गेल्यावर जो मोबदला हातीं पडतो त्यांतून, तो येतो. एकदांच येणारी ही रक्कम. जी वस्तु बाप-आजांच्या हयातींत चढतच गेली, ती देऊन आपण अशी वस्तु घेतों, कीं जी पहिल्या दिवसापासून उतरत जाते. असें करूंच नये, हें आमचें म्हणणें नाहीं. पावसांत म्हातारी आई दवाखान्यांत न्यावयाची असतां अंगणांत गाडी असणें म्हणजे काय, हें आम्ही जाणतों. परंतु ही अदलाबदल कशाची कशाशीं चालली आहे, तें मालकास कळलेलें असावें.

जमिनीची ही संवय हेंच आमच्या मतें या चुकीचें पहिलें मूळ आहे. वसईच्या शेतकऱ्याची मत्ता म्हणजे जमीन आणि घरांतील सोनें. दोहोंची किंमत मधून मधून अडखळली असेल, परंतु एका पिढीचा हिशेब घेतला तर ती वाढलेलीच दिसते. "आतां विकूं नका, थांबा, भाव येईल," हा सल्ला येथें इतक्या वेळां खरा ठरला आहे, कीं तो अंगीं भिनून गेला आहे. मोटारीच्या बाबतींतहि आपण तेंच करितों. गिऱ्हाइकानें कमी किंमत सांगितली कीं थांबतों. जमीन थांबल्यानें वाढते, गाडी थांबल्यानें गंजते. शिवाय आपल्याकडे खारा वारा आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगांव या किनाऱ्यालगतच्या गांवीं उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसली, तरी खालचा पत्रा, सायलेन्सरची नळी व दारांच्या कडा आधीं खाल्ल्या जातात.

दुसरें मूळ वडील मंडळींच्या आठवणींत आहे, आणि त्याबद्दल त्यांस दोष देतां येत नाहीं. एक काळ असा होता, कीं आपल्या देशांत वापरलेल्या गाडीस नव्या गाडीहून अधिक किंमत येई. १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघे. परंतु किती गाड्या निघाव्यात हें सरकारी परवान्यानें ठरे, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट असे. नांव नोंदवून माणसें वर्षानुवर्षें वाट पाहत. पुण्याजवळच्या आकुर्डीहून १९७२ पासून निघूं लागलेल्या बजाज चेतक स्कूटरचीहि तीच कथा. ज्याचा नंबर लागला त्यानें ती नुसती दुसऱ्यास दिली, तरी वर दोन पैसे सुटत. डिसेंबर १९८३ मध्यें पहिली मारुती ८०० मालकाच्या हातीं पडली, तेव्हांहि आरंभीं तिच्या नोंदणीवर वरकड पैसा मिळेच. पुढें १९९३ सालीं मोटारींच्या कारखान्यांवरील परवान्याचें बंधन उठलें, नव्या कंपन्या आल्या, पैसे भरले कीं गाडी मिळूं लागली, आणि जुन्या गाडीचा तो मान संपला. "आमची फियाट चार वर्षें वापरून घेतल्याच किंमतीला गेली," असें घरांतील आजोबा सांगतात तें खोटें नव्हे. तें त्या काळचें खरें आहे. घसारा तेव्हांहि होताच. तुटवड्यानें तो झांकला होता, इतकेंच.

तिसरें मूळ मात्र जमिनींतहि नाहीं व इतिहासांतहि नाहीं. तें मनुष्यस्वभावांत आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत कानमन, नेच व थेलर या तिघां विद्वानांनीं एक साधा प्रयोग केला व तो १९९० सालीं प्रसिद्ध केला. वर्गांतील निम्म्या विद्यार्थ्यांस एकेक कॉफीचा पेला दिला, निम्म्यांस दिला नाहीं. आणि मग पेला मिळालेल्यांनीं तो किती किंमतीस द्याल, इतरांनीं किती किंमतीस घ्याल, हें लिहून द्यावयाचें होतें. पेला एकच, बाजार एकच. परंतु विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या बोलीच्या दुपटीहून अधिक निघाली. पेला हातीं येऊन कांहीं मिनिटेंच झालीं होतीं! मग जी गाडी मुलीच्या लग्नांत फुलांनीं सजली, जींतून नातवास दवाखान्यांतून घरीं आणलें, ती विकतांना मालकाच्या तोंडून किती आंकडा निघेल, याचा अंदाज वाचकांनींच करावा. याच कानमन यांनीं टव्हर्स्की यांच्यासह १९७९ मध्यें असें दाखविलें होतें, कीं शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचें दुःख हीं सारखीं नसतात. दुःखाचें पारडें पुष्कळ जड असतें. म्हणूनच विकणारा घसाऱ्यास 'नुकसान' म्हणतो, व घेणारा त्याच रकमेस 'फायदा' म्हणतो.

दुसऱ्यांस हें सांगतांना आमच्या दारांतील गोष्ट लपविणें बरें नव्हे. आमच्याकडील नऊ वर्षांची गाडी आम्हीं दिवाळीनंतर विकावयास काढली. एका ओळखीच्या गृहस्थांनीं २ लक्ष १० हजार देऊं केले. आमच्या मनांत पावणेतीन लक्षांचा आंकडा होता. तो कोठून आला होता, हें आज विचारलें तर सांगतां येणार नाहीं. आम्हीं नकार दिला, आणि थोडा रागहि धरिला, जणूं त्यांनीं गाडीचा नव्हे तर आमचाच अपमान केला होता. मग गाडी उभी राहिली. विम्याचे ९ हजार भरले. बॅटरी उतरली, तिचे साडेपांच हजार गेले. पावसाळा आला, मागील दाराखालीं पत्र्यास फोड आले. गणपतींत ती १ लक्ष ७० हजारांस गेली. चाळीस हजार किंमतींत गेले, साडेचौदा हजार वरखर्चांत. एकूण साडेचोपन्न हजार रुपये ही आमच्या रागाची किंमत झाली. ज्यांनीं पहिल्यानें बोली केली होती, त्यांनीं तोंवर दुसरी गाडी घेतली होती.

आमच्या चुकीच्या मुळाशीं एक प्रश्न होता: "आम्हीं इतके मोजले, त्याचें काय?" आपण काय मोजले, हें बाजार कधींच विचारीत नाहीं. आज तशीच नवी गाडी कितीस मिळते, एवढेंच तो पाहतो, आणि तेथून खालीं उतरत येतो. २०२५ सालीं याचा धडा पुष्कळांस एकदम मिळाला. लहान पेट्रोल गाडीवर जीएसटी २८ टक्के व वर १ टक्का सेस असा मिळून २९ टक्के कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे जिची करापूर्वींची किंमत ५ लक्ष, ती गाडी ६ लक्ष ४५ हजारांऐवजीं ५ लक्ष ९० हजारांस मिळूं लागली. नवी ५५ हजारांनीं स्वस्त झाली कीं जुनीनें आपला भाव धरून ठेवावा, हें होणें नाहीं. ज्यांनीं त्या आधींच्या महिन्यांत गाडी घेतली, त्यांचा जीव जळला, आणि तें समजण्याजोगें आहे. परंतु त्यांपैकीं जे "आम्ही जुन्या करानें घेतली आहे" असें सांगून गिऱ्हाइकाकडे तो कर मागूं लागले, त्यांच्या गाड्या दारांतच राहिल्या. (याच तारखेस ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हां जुना ट्रॅक्टर विकूं इच्छिणाऱ्यांनींहि जुन्या पावतीचा आंकडा मनांतून काढावा.)

आतां घसारा किती लागतो, तें पाहूं. सर्वांत हाताशीं असलेलें कोष्टक विम्याच्या कागदांतच आहे. गाडीची कारखानदाराच्या यादींतील किंमत धरून विमा कंपन्या बहुधा असा घसारा वजा करितात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पांचपर्यंत ५०, पुढील किंमत परस्पर संमतीनें ठरते. बाजारभाव अगदीं हाच असतो असें नाहीं. खपाच्या गाडीचा वर राहतो, न खपणाऱ्या गाडीचा खालीं जातो. पण उतार कसा आहे, तें यावरून कळतें.

समजा, ९ लक्षांची पेट्रोल गाडी घेतली. तिच्यावर आपल्या राज्याचा रस्ता-कर ११ टक्क्यांनीं ९९ हजार, आणि विमा वगैरे मिळून ती रस्त्यावर यावयास सुमारें १० लक्ष ४० हजार लागले. हा वरचा सुमारें १ लक्ष ४० हजार पुढील गिऱ्हाईक मोजीत नाहीं. तो पहिल्याच दिवशीं गेला. यांतील २ लक्ष ४० हजार रोख दिले आणि ८ लक्ष कर्ज साडेनऊ टक्क्यांनीं सात वर्षांसाठीं काढलें. हप्ता सुमारें १३ हजार ७५ रुपयांचा बसतो. वर्ष भरलें तेव्हां रोख व हप्ते मिळून आपले जवळ जवळ ४ लक्ष गेलेले असतात, आणि शिल्लक कर्ज असतें सुमारें ७ लक्ष १५ हजार. वरील कोष्टकाप्रमाणें दुसऱ्या वर्षांत पडलेल्या गाडीची किंमत ७ लक्ष २० हजार. म्हणजे चार लक्ष देऊन त्या दिवशीं आपल्या मालकीचे गाडींत पांच हजार रुपये आहेत. बाकी गाडी बँकेची. सात वर्षांच्या हप्त्याची जाहिरात "महिन्यास अवघे तेरा हजार" असें सांगते. परंतु लांब मुदतीच्या कर्जांत मुद्दल हळू फिटतें आणि गाडी भराभर उतरते, ही गोष्ट ती सांगत नाहीं. एखादें वर्ष मोगऱ्याचें गेलें, अवकाळी पावसानें केळी पडली, आणि गाडी विकून मोकळें व्हावें असें वाटलें, तर मोकळेंहि होतां येत नाहीं. आपल्या तालुक्यांत जी घरें मोटारीपायीं अडकलेलीं आम्हीं पाहिलीं, तीं सारीं याच पेंचांत सांपडलेलीं होतीं. इंधनानें त्यांतलें कोणी बुडालें नाहीं.

हें शेतकऱ्याच्या ध्यानांत कां येत नाहीं? आमच्या मतें याचें एक कारण फारसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. दुकानदार दरसाल घसारा लिहितो, कारण प्राप्तिकराच्या हिशेबांत त्यास धंद्याच्या मोटारीवर सामान्यतः १५ टक्के व भाड्यानें चालणाऱ्या वाहनावर ३० टक्के घसारा वजा मिळतो. त्याचा हिशेबनीस त्यास तो लिहावयास लावतोच. दहा लक्षांची गाडी त्याच्या वहींत पुढील वर्षीं साडेआठ लक्षांची, त्यापुढील वर्षीं ७ लक्ष २२ हजार ५०० ची होते, आणि तो आंकडा डोळ्यांखालून जातो. शेतीचें उत्पन्न करमुक्त आहे. ही सवलत चांगलीच. परंतु तिच्यामुळें आपणांस घसारा लिहा असें सांगणारा कोणी उरला नाहीं. न लिहिलेला खर्च हा खर्चच नव्हे, असें मन धरून बसतें, आणि विकण्याच्या दिवशीं सात वर्षांचा घसारा एकदम समोर उभा राहतो. मग तो गिऱ्हाइकानें लुबाडल्यासारखा वाटतो.

टेम्पोची गोष्ट यांत वेगळी धरावी. टेम्पोचा घसारा हा मालाच्या वाहतुकीचाच भाग आहे. वर्षांत टेम्पो ९० हजारांनीं उतरला आणि ३०० खेपा झाल्या, तर दर खेपेस ३०० रुपये घसाऱ्याचे धरावयास हवेत. ते न धरितां केवळ डिझेल व ड्रायव्हर मोजून "खेप फायद्याची झाली" असें म्हणणारे पुष्कळ आहेत. शेजाऱ्याचा माल भाड्यानें नेतांना तर ही चूक दुप्पट भोंवते.

आतां घेणाऱ्याच्या बाजूनें. जुनी गाडी घेणें हा पुष्कळ अंशीं शहाणपणाचा मार्ग आहे, कारण पहिल्या वर्षांचा मोठा उतार दुसऱ्यानें सोसलेला असतो. परंतु घेणाऱ्याच्या मनांतहि एक भय असतें, व तेंहि किंमतीस खालीं ओढतें. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं लिहिलेल्या एका निबंधांत तें उलगडून दाखविलें, आणि त्यास २००१ मध्यें नोबेल मिळण्यास तो निबंध मुख्य कारण झाला. गाडींत खोट आहे कीं नाहीं, हें विकणाऱ्यास ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें; म्हणून घेणारा प्रत्येक गाडींत थोडी खोट गृहीत धरूनच बोली करितो. प्रामाणिक मालकास ही बोली अन्यायाची वाटते व तो गाडी मागें घेतो. खोटीच्या गाडीचा मालक मात्र आनंदानें देऊन टाकतो. त्यामुळें बाजारांत वाईट गाड्या वाढतात आणि भय खरें ठरतें. यावर प्रामाणिक मालकापाशीं एकच उपाय आहे: सर्व्हिसच्या पावत्या, टायर केव्हां बदलले त्याचीं बिलें, विम्याचे जुने कागद, हें सर्व एका पिशवींत जपून ठेवावें व गिऱ्हाइकापुढें टाकावें. गोड बोलण्यानें जो विश्वास बसत नाहीं, तो या पिशवीनें बसतो.

किलोमीटरच्या कांट्याविषयीं एक सूचना. अमेरिकेंत २ कोटींहून अधिक जुन्या गाड्यांच्या व्यवहारांचा अभ्यास करून २०१२ सालीं असें दिसून आलें, कीं कांटा दर दहा हजार मैलांचा टप्पा ओलांडतांच किंमत एकदम पायरीनें खालीं येते. वास्तविक एका मैलानें गाडींत काय बिघडतें? आपल्याकडेहि "अजून पन्नास हजार झाले नाहींत" या बोलण्याची भूल पडते. घेणाऱ्यानें कांट्यापेक्षां पॅडलचें रबर, स्टिअरिंगची झीज व सीटचा बसका पाहावा.

आपल्या भागांत पाण्याचीहि चौकशी अवश्य करावी. २६ जुलै २००५ चा प्रलय सर्वांस आठवतो. जुलै २०१८ च्या पावसांतहि वसई, नालासोपारा, विरार दिवसेंदिवस पाण्यांत होतें, आणि इमारतींखालीं उभ्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. असें पाणी तेव्हांच शेवटचें आलें असें नाहीं. बुडालेली गाडी धुवून, अत्तर मारून स्वस्तांत विकावयास निघते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या आंतल्या टोकास गाळाची रेघ पुष्कळदां राहून गेलेली असते. पायांखालचें कार्पेट उचलून हात फिरवावा, आणि जादा टायर ठेवण्याच्या खोबणींत गंज आहे काय तें पाहावें. किनाऱ्यावरील गाडी तर ओळखीच्या मिस्त्रीकडून वर उचलून खालून पाहिल्याशिवाय घेऊंच नये.

ज्यांच्या दारांत गाडी आहे, त्यांनीं करावयाचें काम वर्षांतून एकदां अर्ध्या तासाचें आहे. दिवाळीच्या पाडव्यास वही उघडतांना तिच्यांत मोटारीचें एक पान घालावें. तशीच गाडी आज कितीस जाते, हें तीन ठिकाणीं विचारावें. त्यांतील दोन तरी आपले आप्त नसावेत. मधला आंकडा लिहावा. मागील वर्षाच्या आंकड्यांतून तो वजा केला कीं त्या वर्षाचा घसारा निघाला. त्यास वर्षभरांत चाललेल्या किलोमीटरनें भागावें. गाडी ८० हजारांनीं उतरली आणि ६ हजार किलोमीटर चालली, तर पेट्रोल घालण्यापूर्वींच दर किलोमीटरास तेरा रुपयांहून अधिक पडले. मग लग्नकार्यापुरती भाड्याची गाडी महाग कीं घरची, हें ज्याचें त्यानें पाहावें. तेवढीच रक्कम, किंवा तिच्या निम्मी तरी, बँकेंत निराळी टाकीत गेल्यास पुढील गाडीच्या वेळीं गुंठा विकावा लागत नाहीं. आणि पानावर आंकडा दरसाल उतरत गेलेला डोळ्यांनीं पाहिलेला असला, म्हणजे गिऱ्हाइकाची बोली ऐकून राग येत नाहीं. आम्हांस गेल्या खेपेस आला नाहीं.

सौदा ठरल्यावर मात्र एक काम त्याच आठवड्यांत उरकावें. फॉर्म २९ व ३० वर सह्या करून नुसती गाडी देऊन टाकणें पुरेसें नाहीं. विक्रीची खबर मालकानें १४ दिवसांच्या आंत आरटीओस दिली पाहिजे, आणि पुढें नांव खरोखर बदललें कीं नाहीं तें पाहिलें पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे, कीं गाडी चार हातीं गेली असली तरी दप्तरांत ज्याचें नांव आहे, अपघाताच्या भरपाईस तोच मालक धरला जाईल.